जॉन क्लाइनबर्ग यांचं संशोधन : डेटा मायनिंग आणि माणसांचं हिशेबी वागणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक जॉन क्लाइनबर्ग यांच्या कामाबद्दल कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे आणि या क्षेत्राबाहेरचे जिज्ञासू जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तो पुन्हा न लिहिता तिथला क्रमांक दिला आहे.

१. क्लाइनबर्ग नेमके कोण? थोडक्यात सांगाल का?

जन्म १९७१, बॉस्टन. १९९३ मध्ये कॉर्नेलमधून पदवी आणि १९९६ मध्ये एमआयटीतून पीएचडी, मिशेल गोमान्स यांच्या मार्गदर्शनाखाली. प्रबंधाचा विषय पूर्णपणे सैद्धांतिक होता: जाळ्यातल्या अनेक जोड्यांना एकमेकांच्या वाटेत न येणारे मार्ग कसे शोधून द्यायचे. त्यानंतर काही काळ आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन संशोधन केंद्रात काम केलं आणि मग ते कॉर्नेलला परतले. तेव्हापासून ते तिथेच शिकवत आहेत.

२००५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, २००६ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत नेव्हानलिना पारितोषिक मिळालं. २००८ चा एसीएम-इन्फोसिस फाउंडेशन पुरस्कारही त्यांचाच. (इन्फोसिसची सुरुवात १९८१ मध्ये पुण्यात झाली, हे आपल्याकडच्या वाचकांना आवर्जून सांगावंसं वाटतं.)

२. डेटा मायनिंग वेगळं, गेम थिअरी वेगळी. एकच माणूस दोन्हींत काम कसा करतो?

क्लाइनबर्ग यांचं काम वाचताना हे दोन विषय वेगळे ठेवताच येत नाहीत. म्हणूनच मला ते इतकं मोलाचं वाटतं.

डेटा मायनिंग म्हणजे मोठ्या माहितीच्या साठ्यातून उपयोगी आकृतिबंध शोधणं. पावसाच्या नोंदींतून अंदाज बांधला, तर त्या अंदाजामुळे पाऊस आपलं वागणं बदलत नाही. पण वेबपानं, परीक्षेचे गुण, कर्जाचे अर्ज, सोशल मीडियावरचे लाइक या सगळ्यांमागे माणसं असतात. कशावरून आपलं मोजमाप होतंय हे एकदा कळलं की माणूस त्या मोजपट्टीच्या हिशेबाने वागू लागतो, आणि ज्या माहितीवरून नियम काढला ती माहितीच बदलते. म्हणजे आकृतिबंध शोधून काम संपत नाही. त्या शोधाला माणसं काय उत्तर देतील याचाही विचार करावा लागतो, आणि तो करण्याची साधनं गेम थिअरीत, म्हणजे एकमेकांच्या निवडींवर ज्यांचा फायदा-तोटा अवलंबून असतो त्यांच्या वागण्याच्या गणितात आहेत. प्रश्न ४ आणि १० मध्ये हे आकड्यांसह दाखवलं आहे.

३. ‘हब’ आणि ‘ऑथॉरिटी’ ही काय भानगड आहे?

१९९८ मध्ये मांडलेली आणि १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेली ही पद्धत ‘हिट्स’ या नावाने ओळखली जाते. त्या काळी सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. क्लाइनबर्ग यांनी दाखवलेली अडचण अशी: मोटार बनवणाऱ्या कंपन्या शोधायच्या असतील तर होंडा किंवा टोयोटाची पानं मिळायला हवीत, पण त्यांच्या मुखपृष्ठावर ‘मोटार उत्पादक’ असे शब्दच नसतात. स्वतःची ओळख अशा शब्दांत कोण करून देतं?

मग पानाचं महत्त्व कुठून कळणार? दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकवरून. त्यांनी पानांच्या दोन भूमिका मानल्या. ज्या पानाकडे लोक विश्वासाने बोट दाखवतात ते ऑथॉरिटी. जे पान चांगल्या ठिकाणांची यादी देतं ते हब. चांगला हब चांगल्या ऑथॉरिटींकडे बोट दाखवतो आणि चांगल्या ऑथॉरिटीकडे चांगले हब बोट दाखवतात. ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते असं वाटेल, पण गणितात ती सुटते. सगळ्यांना सुरुवातीला समान गुण द्यायचे, हबच्या गुणांवरून ऑथॉरिटीचे आणि ऑथॉरिटीच्या गुणांवरून हबचे गुण पुन्हा पुन्हा काढायचे, आणि दर फेरीला ते प्रमाणात आणायचे. काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात. ज्यांनी लिनिअर अल्जेब्रा केलं आहे त्यांना यातला आयगेनव्हेक्टर लगेच दिसेल.

४. लिंक मोजून महत्त्व ठरवायचं, तर लोक खोट्या लिंक देणार नाहीत का?

देतातच. कसं ते छोट्या उदाहरणात पाहू.

क आणि ख या दोन याद्या प आणि फ या पानांना लिंक देतात. ग ही यादी फक्त ब ला लिंक देते. आता एकाला आपलं भ हे पान वर आणायचं आहे. तो घ नावाची यादी तयार करतो आणि त्यात प, फ आणि स्वतःचं भ अशा तीन लिंक देतो.

पहिली फेरी, म्हणजे आलेल्या लिंक मोजणं: प ला ३, फ ला ३, ब ला १, भ ला १. इथपर्यंत ब आणि भ बरोबरीत आहेत. आता याद्यांचे गुण: क = ३ + ३ = ६, ख = ६, ग = १, आणि घ = ३ + ३ + १ = ७. फसवी यादीच सगळ्यात मोठा हब ठरली! पुढच्या फेरीत पानांचे गुण: प = ६ + ६ + ७ = १९, फ = १९, ब = १, भ = ७. ब आणि भ या दोघांनाही एकेकच लिंक होती, पण नामवंतांच्या पंगतीत स्वतःचं पान घातल्यामुळे भ सातपट पुढे गेलं.

पद्धत गणिती दृष्टीने चुकीची नाही. लिंक देणाऱ्याला गुणांची पर्वा नव्हती तोवर लिंक हा प्रामाणिक कौल होता. गुणांवर गिऱ्हाईक आणि पैसा अवलंबून राहू लागला तसा तो कौल विकाऊ झाला. सर्च इंजिनांचा पुढचा सगळा इतिहास या ओढाताणीचा आहे.

५. मग गूगलचं पेजरँक आणि हे एकच का?

नाही. पेजरँकही लिंकवरूनच पानांचं महत्त्व ठरवतं, पण दोन्ही १९९८ च्या सुमारास, स्वतंत्रपणे पुढे आली. पेजरँक पानाला एकच गुण देतं आणि तो शोधशब्दावर अवलंबून नसतो, त्यामुळे आधीच काढून ठेवता येतो. हिट्स दोन गुण देते आणि प्रत्येक शोधासाठी संबंधित पानांचा छोटा संच गोळा करून त्यावर चालते. परीक्षेत हा फरक हमखास विचारला जातो.

६. कोणाला फुकट नमुना दिला की गोष्ट सगळीकडे पसरेल, यावरचा शोधनिबंध त्यांचाच ना?

हो. डेव्हिड केम्पे आणि एवा टार्डोस यांच्यासोबत, २००३ च्या केडीडी या डेटा मायनिंगच्या परिषदेतला. प्रश्न असा: ओळखींचं जाळं माहीत आहे आणि सुरुवातीला मोजक्याच लोकांना गाठता येणार आहे. कोणाला गाठावं?

सर्वोत्तम गट शोधणं संगणकालाही झेपत नाही. पण एकेक माणूस निवडत जायचं आणि दर वेळी ज्याच्यामुळे सर्वांत जास्त भर पडेल त्याला घ्यायचं, एवढी साधी पद्धत सर्वोत्तम परिणामाच्या सुमारे ६३ टक्के तरी गाठतेच, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यामागचं कारण असं की नव्या माणसामुळे पडणारी भर आधीचा गट वाढत जाईल तशी घटत जाते. सर्वांत जास्त ओळखी असलेली दहा माणसं निवडणं बऱ्याचदा वाया जातं, कारण ती एकमेकांच्याच ओळखीची असतात. प्रचार करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे अनुभवाने माहीत असतं, इथे ते सिद्ध झालं.

७. ‘सहा पायऱ्यांत कोणीही कोणाशी जोडलेलं’ हे त्यांनी शोधलं का?

नाही. ओळखीच्यांमार्फत हातोहात पत्र अनोळखी माणसापर्यंत पोहोचवण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग स्टॅनली मिलग्रम यांचा, १९६० च्या दशकातला. क्लाइनबर्ग यांनी २००० मध्ये वेगळा प्रश्न विचारला: छोटे मार्ग असतीलही, पण सबंध जाळं माहीत नसलेल्या सामान्य माणसांना ते सापडतात कसे? जाळीसारख्या मांडणीत दूरच्या ओळखींची शक्यता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तरच फक्त आपल्या ओळखीच्यांकडे पाहून पत्र झटपट पोहोचतं. प्रमाण त्याहून कमी किंवा जास्त असेल तर वाट असूनही सापडत नाही.

८. नवा रस्ता बांधल्यावर वाहतूक आणखी तुंबते, हे खरंच गणिताने दाखवता येतं?

येतं. हा ब्रेसचा विरोधाभास, १९६८ सालचा. क्लाइनबर्ग यांनी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ईझ्ली यांच्यासोबत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात तो या आकड्यांनी समजावला आहे.

४००० गाड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं आहे. दोन मार्ग आहेत. प्रत्येकात एक रुंद टप्पा आहे, तो कितीही गर्दी असली तरी ४५ मिनिटांत पार होतो. दुसरा टप्पा अरुंद आहे, त्याला गाड्यांची संख्या भागिले १०० इतकी मिनिटं लागतात. एका मार्गावर अरुंद टप्पा आधी येतो, दुसऱ्यावर नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात आणि सगळ्यांना २० + ४५ = ६५ मिनिटं लागतात.

आता मधोमध, दोन्ही अरुंद टप्पे जोडणारा, क्षणात पार होणारा जोडरस्ता बांधला. अरुंद टप्प्याला सगळ्या ४००० गाड्या आल्या तरी ४० मिनिटं, म्हणजे ४५ पेक्षा कमीच. म्हणून प्रत्येक चालक दोन्ही अरुंद टप्पे घेतो. सगळ्यांना ४० + ४० = ८० मिनिटं. कोणीही मूर्खपणा केलेला नाही, एकट्याने जुन्या वाटेने गेलं तर ८५ मिनिटं लागतील. प्रत्येकाचा हिशेब बरोबर असूनही सगळ्यांची पंधरा मिनिटं गेली.

९. वेबसाइटवरचे बॅज आणि पॉइंट यांनी लोक खरंच बदलतात का?

२०१३ मध्ये क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटच्या नोंदी तपासल्या. तिथे ठरावीक मतं दिली की बॅज मिळतो, उदाहरणार्थ ३०० मतांना ‘सिव्हिक ड्यूटी’. सदस्य बॅजच्या जवळ पोहोचतो तसा त्याचा मत देण्याचा वेग वाढतो आणि बॅज हातात पडताच उतरतो. म्हणजे आकडा कुठे ठेवायचा आणि कशासाठी बॅज द्यायचा, यावर लोक वेळ कशात घालवतील हे ठरतं. आखणाऱ्याची जबाबदारी इथूनच सुरू होते.

१०. गुणांसाठी विद्यार्थी अभ्यास करतील की कॉपी, हे शिक्षकाच्या हातात असतं का?

बऱ्याच अंशी असतं. मनीष राघवन यांच्यासोबत २०१९ मध्ये क्लाइनबर्ग यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्याआधी २०१६ मध्ये मॉरिट्झ हार्ट आणि सहकाऱ्यांनी ‘स्ट्रॅटेजिक क्लासिफिकेशन’ मांडलं होतं. त्यात माणसाने नियमानुसार आपली माहिती बदलणं म्हणजे नियमाला चकवणं, असं धरलं होतं. क्लाइनबर्ग आणि राघवन यांनी त्यात एक भेद आणला: काही बदल नुसता देखावा असतो, काही बदलांमुळे माणूस खरोखर सुधारतो. नियम असा आखावा की माणूस दुसरी वाट धरेल.

आकडे माझे, रचना त्यांच्या उदाहरणासारखी: गुण दोन गोष्टींवर आहेत, लेखी परीक्षा आणि घरचा अभ्यास. एक तास खरा अभ्यास केला तर दोन्हींत २-२ गुण वाढतात. तोच तास परीक्षेतल्या कॉपीच्या तयारीत घातला तर फक्त परीक्षेत ३ वाढतात. घरच्या अभ्यासाची उत्तरं कुठून तरी उतरवली तर फक्त तिथे ३ वाढतात.

सगळा भार परीक्षेवर टाकला तर कॉपीचे ३, अभ्यासाचे २. कॉपी जिंकते. सगळा भार घरच्या अभ्यासावर टाकला तर उतरवणं जिंकतं. दोन्हींना ५० टक्के दिले तर अभ्यासाचे २ आणि कोणत्याही लबाडीचे दीड. अभ्यास जिंकतो. हिशेब केला तर परीक्षेचा भार एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश यांच्या दरम्यान कुठेही ठेवला तरी अभ्यासच फायद्याचा ठरतो. विद्यार्थी तेच, त्यांची नियतही तीच, बदलला फक्त भार. म्हणून सगळं एकाच परीक्षेवर टांगून ठेवणाऱ्यांनी कॉपीचा दोष फक्त मुलांवर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

११. समजा असा कोणताही भार सापडलाच नाही तर? काहीतरी गुंतागुंतीचं सूत्र चालेल का?

वरच्याच उदाहरणात लबाडीचे ३ ऐवजी ५ गुण धरा. आता परीक्षेचा भार ४० टक्क्यांहून कमी हवा आणि घरच्या अभ्यासाचाही ४० टक्क्यांहून कमी. दोन्ही मिळून १०० व्हायला हवेत, म्हणजे ते अशक्य.

इथे त्यांचं प्रमेय कामाला येतं. चांगल्या कामगिरीला कमी गुण न देणाऱ्या कोणत्याही सूत्राने जे वागणं घडवता येतं, ते साध्या भारित बेरजेनेही घडवता येतं. उलट बाजूने वाचा: बेरजेने जमत नसेल तर अवघड सूत्रानेही जमणार नाही. अशा वेळी सूत्राशी खेळत बसू नये. लबाडी महाग करावी (वेगवेगळे प्रश्नसंच, तोंडी परीक्षा) किंवा मोजायचं तेच बदलावं.

१२. न्यायाधीशांपेक्षा संगणक बरा, असं त्यांनी म्हटलंय हे खरं का?

इतकं सरसकट नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास हिमाबिंदू लक्कराजू, युरे लेस्कोवेच, जेन्स लुडविग आणि सेंधिल मुल्लैनाथन यांच्यासोबतचा आहे. विषय होता न्यूयॉर्क शहरातला जामीन. खटला उभा राहीपर्यंत आरोपीला सोडायचं की नाही, हे तिथला न्यायाधीश मुख्यतः तो तारखेला हजर राहील का यावरून ठरवतो, म्हणजे हा अंदाजाचा प्रश्न आहे.

खरी गोम माहितीत आहे. ज्यांना सोडलं ते हजर राहिले की नाही हे कळतं. ज्यांना आत ठेवलं, ते सुटले असते तर काय केलं असतं हे कधीच कळत नाही. मग तुलना कशी करायची? त्यांनी न्यायाधीशांमधल्या फरकाचा उपयोग केला. काही सढळपणे जामीन देतात, काही कडक असतात, आणि त्यांच्यापुढे येणारी प्रकरणं साधारण सारखीच असतात. सढळ न्यायाधीशाने सोडलेल्यांतून अल्गोरिदमने, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकाच्या पद्धतीने, आणखी काही जणांना आत ठेवायचं, तेही कडक न्यायाधीशाच्या प्रमाणाइतकंच. त्या सगळ्यांचं पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे तुलना प्रामाणिक होते.

त्यांच्या गणनेनुसार तुरुंगात ठेवण्याचं प्रमाण तेवढंच ठेवून गुन्हे २४.७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, किंवा गुन्हे न वाढता तुरुंगवास ४१.९ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. मात्र ही जुन्या नोंदींवरची गणना आहे. न्यायाधीशाच्या मनात हजेरीखेरीज आणखी काही उद्दिष्टं असू शकतात, हे लेखकांनी स्वतःच तपासलं आहे.

१३. अल्गोरिदम सगळ्या समाजगटांना समान न्याय देईल असा बनवता येत नाही का?

आधी ‘समान न्याय’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या ‘कॉम्पास’ या गुन्हेगारी-जोखीम प्रणालीवर मोठा वाद झाला. टीकाकार एका अर्थाने बरोबर होते, ती प्रणाली बनवणारी कंपनी दुसऱ्या अर्थाने. मुल्लैनाथन आणि राघवन यांच्यासोबत क्लाइनबर्ग यांनी दाखवलं की हे दोन अर्थ एकत्र नांदूच शकत नाहीत.

पहिली मागणी (कंपनीचा अर्थ): ३० टक्के जोखीम असा शेरा मिळालेल्यांपैकी खरोखर ३० टक्केच लोक पुन्हा गुन्हा करणारे निघावेत, आणि हे प्रत्येक गटात खरं असावं. दुसरी (इथून टीकाकारांचा अर्थ): जे पुन्हा गुन्हा करणार नाहीत त्यांना दोन्ही गटांत सरासरी सारखेच गुण मिळावेत. तिसरी: जे करतील त्यांच्याबाबतही तसंच. दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असेल तर पहिल्या मागणीमुळे त्यांचे सरासरी गुणही वेगळे होतात, आणि तो फरक निरपराध माणसांच्या गुणांत झिरपतो. सुटका दोनच ठिकाणी आहे: अंदाज शंभर टक्के अचूक असेल, किंवा दोन्ही गटांतलं प्रमाण समान असेल. शिवाय नोंदींतलं ‘मूळ प्रमाण’ म्हणजे बहुधा अटकेचं प्रमाण असतं, आणि पोलीस कुठे जास्त गस्त घालतात त्यावरही ते ठरतं, हे विसरू नये.

१४. नावं आणि फोन नंबर काढून टाकले की डेटा सुरक्षित होतो ना?

नाही. लार्स बॅकस्ट्रॉम आणि सिंथिया ड्वर्क यांच्यासोबतच्या २००७ च्या कामात एक हल्ला दाखवला आहे. सोशल नेटवर्कचा डेटा प्रसिद्ध होण्याआधी हल्लेखोर मोजकी खोटी खाती उघडतो. त्यांना आपापसांत आडव्यातिडव्या, आठवणीत राहील अशा रचनेत जोडतो आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याशीही जोडून ठेवतो. पुढे नावं पुसलेलं जाळं बाहेर आलं की तो आपली रचना त्यात हुडकतो, आणि तिथून लक्ष्य केलेली माणसं सापडतात. सुमारे ४४ लाख खात्यांच्या लाइव्हजर्नलच्या जाळ्यात अशी सातच खाती पुरेशी ठरली.

१५. पण माणसं इतकी हिशेबी असतात का? आम्ही तर रोज कामं पुढे ढकलतो!

त्यावरही काम आहे, आणि त्याची सुरुवात भारतातल्या एका प्रसंगाने होते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ वर्षभर भारतात राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांच्याकडे कपड्यांचं एक खोकं ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचं होतं. पाठवण्यात एक दिवस जाणार, म्हणून रोज सकाळी अकरलॉफ ठरवत की उद्या पाठवू. असं कित्येक महिने चाललं.

२०१४ मध्ये सिगल ओरेन यांच्यासोबत क्लाइनबर्ग यांनी ही टाळाटाळ ग्राफमध्ये, म्हणजे टप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांच्या जाळ्यात बसवली. आजचा खर्च माणसाला प्रत्यक्षाहून मोठा वाटतो, एवढंच गृहीत धरलं तर दर पावलाला नवी योजना करत तो स्वतःच्याच सर्वोत्तम मार्गापेक्षा अनेक पटींनी महाग मार्गानेही जाऊ शकतो. उपाय मात्र सुखद आहे: काही वाटा काढून टाकल्या की माणूस ध्येयाला पोहोचतो. अभ्यासक्रमात मधल्या मुदती ठेवतात, त्या याचसाठी उपयोगी पडतात. (वाट वाढवल्याने नुकसान झालेलं उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे. तिथे कारण वेगळं, म्हणजे अनेकांचे हिशेब एकमेकांत अडकणं.)

१६. सगळ्या कंपन्यांनी एकच, सर्वांत अचूक भरती-सॉफ्टवेअर वापरलं तर सगळ्यांचं भलंच होईल ना?

होईलच असं नाही. क्लाइनबर्ग आणि राघवन यांचा २०२१ चा निष्कर्ष असा की एखादा अल्गोरिदम प्रत्येक माणूस-परीक्षकापेक्षा अचूक असूनही सगळ्यांनी तोच वापरल्यावर एकूण निवड घसरू शकते. पहिल्या कंपनीने यादीतला पहिला घेतला की दुसरी त्याच यादीतला दुसरा घेते. ती यादी जिथे चुकली तिथे दोघीही चुकतात. स्वतंत्र परीक्षक वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, त्यामुळे एकाने डावललेला चांगला उमेदवार दुसऱ्याला सापडतो. प्रत्येक कंपनीला मात्र एकटीपुरतं अचूक सॉफ्टवेअरच फायद्याचं वाटतं.

१७. हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू? गणित फार पक्कं नाही.

ईझ्ली यांच्यासोबतचं ‘नेटवर्क्स, क्राउड्स अँड मार्केट्स’ (२०१०) घ्या. त्याची प्रकाशनपूर्व प्रत लेखकांनी इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. अकरावी-बारावीचं गणित पुरतं आणि प्रश्न ३ ते ८ मधले बरेच विषय त्यात येतात. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष झालं असेल तर टार्डोस यांच्यासोबतचं ‘अल्गोरिदम डिझाइन’ घ्या. त्यातला गेल-शॅपली यांच्या स्थिर जोड्यांचा पहिलाच प्रश्न नीट सोडवा. जोडी मोडून कोणाचाच फायदा होऊ नये ही अट तिथे पहिल्या पानापासून आहे.

मूळ शोधनिबंध वाचायचा असेल तर प्रश्न १० मधला राघवन यांच्यासोबतचा आधी वाचा, जामिनाचा नंतर. आणि वाचण्याआधी प्रश्न ४ मधलं गणित वहीवर आणखी दोन फेऱ्या पुढे न्या: ब चं काय होतं ते पाहा.